शेंड्याचं पान की बुडाचं?

जानेवारीतल्या एका रविवारी माशांच्या टाकीचं पाणी बदलताना हायग्रोफिला या पाणवनस्पतीचं एक पान हाताला लागून सुटलं. बशीत घेऊन ते खिडकीपाशी नेलं. पानाला सात भोकं होती, टाचणीने पाडावीत एवढी. प्रत्येक भोकाभोवती पिवळट कडं होतं, आणि दोन ठिकाणी अजून भोक न पडलेले तपकिरी ठिपके. ते पान मी टिपकागदात दाबून एका वहीत ठेवलं आणि खाली तारीख लिहिली. गणपती येईपर्यंत त्या वहीत तेवीस पानं जमली. हे सगळं लिहिते आहे ते त्या वहीच्या आधाराने.

टाकी साधीच आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, उंची जेमतेम सव्वा फूट. वाळू आणि दगड वजा जाता त्यात साधारण ५५ लिटर पाणी राहतं. वर एलईडी, रोज सात तास. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही. नऊ रासबोरा आणि चार कोरी मासे, शिवाय भरपूर लाल चेरी कोळंब्या. झाडांत हायग्रोफिला, रोटाला, दोन-तीन क्रिप्टोकोरीन, लाकडाला बांधलेलं जावा फर्न आणि अनुबियास. ही झाडं परदेशी नावांनी विकली जातात, पण हायग्रोफिला पॉलिस्पर्मा मुळात आपल्या भारतीय उपखंडातलीच. क्रिप्टोकोरीनचीही एक जात, रेट्रोस्पायरॅलिस, सह्याद्रीतल्या ओढ्यांत खडकांच्या फटीत वाढते. माझ्या टाकीतली क्रिप्टोकोरीन ती नव्हे, पण तिची एक बहीण आपल्या डोंगरात राहते याचा मला फार आनंद वाटतो.

खत मी काहीच घालत नव्हते. मासे आहेत, त्यांची विष्ठा आहे, तेच खत, अशी समजूत. दीड वर्ष तसं चाललंही.

भोकं दिसल्यावर पहिला संशय गोगलगाईंवर गेला. रात्री अकराला दिवा बंद करून, टॉर्च घेऊन टाकीसमोर बसले. गोगलगाई होत्या, पानांवर फिरतही होत्या, पण चरत होत्या त्या आधीच सडलेल्या कडांवर. निरोगी पानावरून नुसत्या सरकत पुढे जात होत्या. मग भिंग घेऊन भोकं पाहिली. कुणी खाल्लेलं पान कडेकडून फाटतं, वेडंवाकडं, आणि खाणारा जून-कोवळं बघत बसत नाही. इथे भोकं पानाच्या मधल्या भागात होती, आणि आधी ठिपका, मग पिवळं कडं, मग भोक, असा क्रम स्पष्ट दिसत होता. पान आतून मरत होतं. गोगलगाई नंतर येत होत्या.

या तपासात दोन गोष्टींनी उगाच घाबरवलं. त्या आधी सांगून टाकते, कारण नव्याने झाडं लावणाऱ्या प्रत्येकाला त्या भेटतातच. जावा फर्नच्या पानांच्या मागे तपकिरी-काळ्या उंचवट्यांची रांग दिसली. मला ती बुरशी वाटली. ते बीजाणूंचे पुंजके होते, नेच्यांच्या पानांमागे असतातच. पुढे त्याच जुन्या पानांच्या टोकांना केसांसारखी मुळं आणि बोटभर पिल्लं आली. दुसरी गोष्ट क्रिप्टोकोरीनची. डिसेंबरात मी एक रोप उपटून दुसऱ्या कोपऱ्यात लावलं होतं, आणि आठवड्याभरात त्याची सगळी पानं काचेसारखी पारदर्शक होऊन विरघळली. ती जागा बदलल्याची प्रतिक्रिया असते. मुळं धरलेली असली तर नवी पानं येतात, तशी आलीही. आणि रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेलं रोप टाकीत बुडवलं की त्याची हवेतली पानं पहिल्या काही आठवड्यांत झडतात. यातलं काहीच अन्नद्रव्यांच्या कमतरतेचं लक्षण नाही. खताची बाटली हातात घेण्याआधी हे वगळायला हवं.

माझे मामा निफाडकडे द्राक्षं करतात. एप्रिल छाटणीनंतर एकदा आणि ऑक्टोबर छाटणीनंतर एकदा ते बागेतून पानं तोडून देठ परीक्षणाला, म्हणजे देठात कुठलं अन्नद्रव्य किती आहे ते तपासायला, देतात, आणि वेलीकडे बघून अहवाल काय येणार याचा अंदाज आधीच बांधतात. मी त्यांना फोन केला.

“मामा, माझ्या टाकीतल्या झाडांच्या पानांना भोकं पडतायत.”

“कुठल्या पानांना? शेंड्याच्या का बुडाच्या?”

“सगळीकडेच आहेत.”

“सगळीकडे नसतात गं पोरी. जा, नीट बघ, मग फोन कर.”

गेले. हायग्रोफिलाची पानं खोडावर समोरासमोर, जोडीजोडीने येतात. एक पूर्ण फांदी कापून पांढऱ्या ताटात आडवी ठेवली आणि शेंड्यापासून जोड्या मोजल्या. पहिल्या पाच जोड्या स्वच्छ. सहाव्या जोडीत एका पानावर एकच पिवळा ठिपका. सातवीपासून भोकं, आणि खाली जावं तशी मोठी. अकराव्या जोडीच्या पानांच्या कडा करपलेल्या, बारावीची नुसती देठं उरलेली. दीड वर्ष रोज पाहत असलेलं झाड मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

मामांना सांगितलं. ते म्हणाले, “बुडापासून चढत येतंय ना? म्हणजे झाड जुन्यातून काढून नव्याला देतंय. नत्र, स्फुरद, पालाश, मॅग्नेशियम, ह्या चौघांचंच तसं असतं. भोकं आणि करपलेल्या कडा म्हणतेस, तर पालाश बघ. आमच्याकडे पण पालाश कमी पडला की जुन्या पानांच्या कडाच आधी जळतात.”

घरातल्या मोठ्यांनी आपल्या ताटातलं लेकराच्या ताटात वाढावं, तसं झाड करतं. नत्र म्हणजे नायट्रोजन, स्फुरद म्हणजे फॉस्फरस, पालाश म्हणजे पोटॅशियम, आणि चौथं मॅग्नेशियम; ही चार द्रव्यं झाडाच्या आत फिरती असतात. बाहेरून मिळेनाशी झाली की झाड ती जुन्या पानांतून काढतं आणि वाढत्या शेंड्याला पोचवतं, म्हणून उपासमार दिसते ती खालच्या पानांवर. लोह, कॅल्शियम, बोरॉन, मँगनीज यांचं उलट असतं. एकदा पानात बसली की ती तिथून सहसा हलत नाहीत, त्यामुळे त्यांची टंचाई नव्या पानावर दिसते. पाण्याबाहेरच्या पिकांसाठी बांधलेला हा नियम पाण्याखालीही चालतो. फरक एवढाच की पाण्यातली झाडं मुळांइतकीच पानांनीही अन्न घेतात, त्यामुळे दिलेलं खत लवकर लागू पडतं.

नत्राची शंका फिटायला सोपी होती. नायट्रेटची चाचणी केली, रंग २० पीपीएमपाशी, म्हणजे लिटरला २० मिलिग्रॅमपाशी, जुळला. नत्र कमी असतं तर खालची पानं भोकं न पडता सबंध पिवळी झाली असती. स्फुरद कमी असता तर वाढ खुंटून पानं काळपट हिरवी झाली असती, आणि अनुबियासवर व काचेवर हिरवे टणक ठिपके धरले असते. ते नव्हते. माशांच्या खाद्यातून नत्र आणि स्फुरद येत राहतात, पालाश मात्र झाडांना पुरेल एवढा येत नाही. आमच्याकडे येणारं खडकवासल्याचं पाणीही मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. त्यातूनही फार मिळण्यासारखं नव्हतं.

पालाश कुठून आणायचा, तर कृषी सेवा केंद्रातून. तिथे काउंटरवर नावं चालत नाहीत, आकडे चालतात. “तेरा झिरो पंचेचाळीस” म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, “झिरो बावन्न चौतीस” म्हणजे मोनोपोटॅशियम फॉस्फेट, “झिरो झिरो पन्नास” म्हणजे पोटॅशियम सल्फेट. नायट्रेट माझ्याकडे पुरेसं होतं, म्हणून शेवटचं घेतलं. पुडक्यावरच्या ५० टक्क्यांत एक मेख आहे. तो आकडा पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाने लिहितात. शुद्ध पोटॅशियम काढायला त्याला ०.८३ ने गुणायचं, म्हणजे साडेएकेचाळीस टक्के. मला ५५ लिटरमध्ये लिटरला १० मिलिग्रॅम पोटॅशियम हवं होतं, म्हणजे एकूण ५५० मिलिग्रॅम. त्यासाठी १.३ ग्रॅमच्या जरा वर पावडर लागते. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा मागवला, पावडर तांब्याभर पाण्यात विरघळवली आणि पाणी बदलल्यानंतर टाकीत ओतली. आठवड्यातून एकदा, तेवढंच. बाकी दिवा, खाद्य, पाणी बदलण्याचं प्रमाण, कशालाही हात लावला नाही.

गुण आला हे ओळखायचं कसं? भोकं पडलेलं पान पुन्हा भरून येत नाही. जुन्या पानांकडे बघत राहिलं तर महिनाभर “काहीच फरक नाही” असंच वाटणार आणि मी आणखी काहीतरी ओतणार. म्हणून शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घेतला आणि तीन फांद्यांवर, सर्वांत वरच्या उघडलेल्या जोडीच्या खाली, सैल गाठ मारली. गाठीच्या वर जे उगवेल ते पालाश मिळाल्यानंतरचं. गाठीच्या खाली जे आहे त्याच्याशी माझा संबंध संपला.

पंधरा दिवसांत गाठीच्या वर तीन जोड्या आल्या. पाचव्या आठवड्यात सात जोड्या होत्या, आणि त्यांतल्या सर्वांत खालच्या, म्हणजे आधी जिथे भोकं सुरू होत असत त्या सातव्या जोडीचं पान मी भिंगाखाली धरलं. एकही ठिपका नाही. वहीत त्याला जानेवारीतल्या पानाच्या समोरचं पान दिलं आहे.

मार्चच्या शेवटी नवं काहीतरी सुरू झालं. रोटालाचे शेंडे फिके पडले. आधी पोपटी, मग लिंबाच्या सालीसारखे पिवळे, आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दोन फांद्यांचे शेंडे जवळपास पांढरे. हायग्रोफिलाच्या नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू कुणी हिरव्या शाईने पिवळ्या कागदावर झाड काढलं आहे. खालची पानं ठणठणीत. या वेळी जोड्या मोजायलाही लागल्या नाहीत. शेंड्याचं पान, म्हणजे न फिरणारं द्रव्य, आणि हिरव्या शिरांचं जाळं म्हणजे लोह.

याचं एक कारण मला पटण्यासारखं होतं. कार्ल स्प्रेंगेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८२८ मध्ये मांडलेला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिगच्या नावाने जगभर गेलेला नियम आहे, की झाडाची वाढ सर्वांत तोकड्या पडलेल्या द्रव्यावर ठरते. पालाशाचं कुलूप निघालं, झाडं जोराने वाढली, आणि आता लोह तोकडं पडलं. दुकानातून लोहाची बाटली आणली, लेबलवर दिलेल्या मात्रेने घालू लागले, या वेळी लाल दोरा बांधला. दोन आठवड्यांनी लाल दोऱ्याच्या वरचं पान तितकंच पिवळं होतं. मात्रा दुप्पट केली. आणखी दहा दिवसांनीही तेच. लोह घालते आहे आणि झाडाला ते मिळत नाही, या गोष्टीने मला खरोखर झोप लागेना. निदान चुकलं असेल तर कुठे चुकलं?

उत्तर टाकीबाहेर होतं. सोसायटीची पाण्याची मोटर बघणारे काका जिन्यात भेटले. मी सहज विचारलं, पाण्याला हल्ली वेगळीच चव का लागते. ते म्हणाले, “होळीपासून बोअर जोडलीय ना ताई. कॉर्पोरेशनचं पाणी पुरत नाही उन्हाळ्यात.” घरी येऊन नळाचं पाणी मोजलं. जानेवारीत टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ९० होता, वहीत लिहिलेलं होतं. आता ४३०. रात्रभर उघडं ठेवलेल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, आधी ७.१ होता, तो ७.९ झालेला. टाकीतला साडेसातच्या आसपास. दर रविवारी मी स्वतःच्या हाताने माझ्या झाडांना वेगळं पाणी पाजत होते आणि मोजत नव्हते.

मामांना हे सांगताच ते म्हणाले, “चुनखडीच्या रानात वेल पिवळा पडतो तो असाच. जमिनीत लोह असतं, वेलीला घेता येत नाही. तुझ्या बाटलीवर ईडीटीए लिहिलंय का बघ.”

लिहिलं होतं. नुसतं लोह पाण्यात घातलं की ते गंजून तळाला बसतं, म्हणून त्याला चिलेटमध्ये, म्हणजे लोहाला पकडून ठेवणाऱ्या रसायनात, धरून ठेवतात. पण प्रत्येक चिलेटची पकड वेगळी. ईडीटीएची पकड सामू साडेसहाच्या वर गेला की सैल पडू लागते. डीटीपीए साडेसातपर्यंत धरून ठेवतं. ईडीडीएचए त्याच्याही कितीतरी वर चालतं, म्हणूनच चुनखडीच्या जमिनीत तेच वापरतात. माझं लोह टाकीत पडत होतं आणि झाडाने घेण्याआधी बरंचसं चिलेटमधून सुटत होतं.

हे ऐकून पटलं, पण टाकीत पुन्हा अंदाजाने काही ओतायचं नव्हतं. लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या धुऊन पूर्वेच्या खिडकीत मांडल्या. चारही बरण्यांत तेच बोअरमिश्रित पाणी, टाकीतलं एक पेला पाणी, आणि पिवळ्या शेंड्याची हायग्रोफिलाची एकेक फांदी, लाल दोऱ्यासकट. पहिल्या बरणीत काहीच नाही. दुसरीत ईडीटीए, तिसरीत डीटीपीए, चौथीत मामांनी पाठवलेल्या ईडीडीएचएचे चार दाणे. चौथ्या बरणीचं पाणी मिनिटभरात कोकम सरबतासारखं लाल झालं. सुंदर दिसत होतं, पण टाकीत हे चालणार नाही हे तेव्हाच कळलं.

खिडकीतली वाढ सावकाश. अठराव्या दिवशी तिसऱ्या आणि चौथ्या बरणीतल्या फांद्यांना दोऱ्याच्या वर एकेक नवी जोडी उघडली होती, लहानशी, पण कडेपासून मधल्या शिरेपर्यंत सलग हिरवी. पहिल्या दोन्ही बरण्यांत नवी जोडी पिवळी, शिरा हिरव्या. दुसरीतली पहिलीपेक्षा किंचित गडद असेल तर असेल. मी आईला हाक मारली, चारही बरण्या दाखवल्या, कुठल्या बरणीत काय आहे ते न सांगता विचारलं. तिने बोट ठेवलं ते तिसरीवर आणि चौथीवर.

मग डीटीपीए, ११ टक्के लोहाचं. इतकी बारीक मात्रा काट्यावर मोजता येत नाही, म्हणून ५ ग्रॅम पावडर ५०० मिली आरओच्या पाण्यात विरघळवली. त्यातल्या ५ मिलीमध्ये साडेपाच मिलिग्रॅम लोह येतं, म्हणजे माझ्या टाकीत लिटरला ०.१ मिलिग्रॅम. आठवड्यातून तीनदा, थोडं थोडं, कारण माझ्या सामूला तेही फार दिवस टिकत नाही. प्रकाशाने चिलेट खराब होतं, म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळून ती कपाटात ठेवते. शेतीची मिश्र सूक्ष्म अन्नद्रव्यं मात्र मी मुद्दाम टाळली. ग्रेड दोनच्या पुडीत तांबंही असतं, आणि ते कोळंब्यांच्या जिवावर बेततं. ज्यांच्याकडे कोळंब्या आहेत त्यांनी पुडीवरची यादी वाचल्याशिवाय एक थेंबही घालू नये, हे मी हात जोडून सांगते.

मेच्या अखेरीस रोटालाच्या शेंड्यांना पुन्हा तांबूस छटा आली. पांढरे पडलेले शेंडे तसेच राहिले आणि पुढे झडले. ते मी कापून टाकले नाहीत. वहीत आहेत.

जुलैत धरण भरत आलं, बोअर बंद झाली, टीडीएस पुन्हा शंभराच्या आत. आता दर रविवारी बादलीत मीटर बुडवल्याशिवाय मी पाणी ओतत नाही. ऑगस्टमध्ये हिरव्या शिरांचं तेच चित्र पुन्हा दिसलं. हात लोहाच्या बाटलीकडे जाणार होता. मग जोड्या मोजल्या. शेंड्याच्या पाच जोड्या सलग हिरव्या, चित्र खालच्या पानांवर. तीच खूण, पण झाडाच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे लोह नाही, मॅग्नेशियम. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, मोजला तर त्याचा आकडा, जीएच, अवघा ३. केमिस्टकडून इप्सम सॉल्ट आणलं, २.८ ग्रॅम, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम मॅग्नेशियम. पिवळा दोरा. तीन आठवड्यांत थांबलं.

गणपतीत मामा आले. आरती झाल्यावर चष्मा लावून टाकीसमोर बसले, मग वही मागितली. एकेक पान उलटत म्हणत होते, “बुडाचं. बुडाचं. हे शेंड्याचं. बुडाचं.” खालची तारीख आणि मी लिहिलेलं कारण नंतर वाचत होते. शेवटच्या पानावर थांबले. रोटालाचं कोवळं पान, चमच्यासारखं आत वळलेलं, टोकाला चुरगळलेलं.

“हे काय?”

“कळलं नाही अजून. कॅल्शियम असेल असं वाटतंय, पण नक्की नाही.”

“दोरा बांधला?”

“परवाच. काळा.”

त्यांनी वही मिटली आणि टाकीत काळा दोरा कुठे दिसतो ते शोधायला लागले.